मोगऱ्याच्या पांढऱ्या चहाची पारख

सुगंधी चहाचे पाकीट फोडले की पहिला निकाल नाक देते, आणि फसगत होते तीही तिथेच. चंदेरी लव असलेल्या कळ्या, त्यांत मिसळलेली मोगऱ्याची वाळकी फुले आणि झाकण उघडताच खोलीभर पसरणारा दरवळ, एवढे दिसले की माल अस्सल असा शेरा मारून आपण मोकळे होतो. पण असा दरवळ पाकीट बंद करण्याआधी अर्क फवारून काही मिनिटांत आणता येतो, आणि वाळक्या फुलांवरून तर काहीच सिद्ध होत नाही. सांगलीकडच्या कडेगाव, विटा, आटपाडी या पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोन्या-चांदीचा कस झळाळीवर ठरत नाही, आटवल्यावर ठरतो, हे इथल्या अनेक घरांना वेगळे सांगावे लागत नाही. फुलांचा सुगंध मुरवलेल्या पांढऱ्या चहाची पारखही त्याच रीतीने करावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. फुले बाजूला काढा, पहिला कप ओतून घ्या, त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी घाला, आणि दुसरा कप कोमट झाल्यावर जे उरते त्याला गुण द्या. या परीक्षेला तज्ज्ञाची जीभ लागत नाही. थोडी शिस्त, बरे पाणी आणि मोगऱ्याची ओळख पुरते. पैकी मोगऱ्याची ओळख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आधी पांढरा चहा म्हणजे काय ते पाहू, कारण त्याची घडण समजली नाही तर चव घेताना अपेक्षाच चुकतात. आपल्या चुलीवर उकळतो तो चहा आणि हा पांढरा चहा एकाच जातीच्या झुडपाचे. फरक पानावर होणाऱ्या प्रक्रियेचा. रोजच्या चहाची बारीक गोळीदार भुकटी सीटीसी पद्धतीने होते. आसाममध्ये 1930 च्या दशकात सुरू झालेल्या या पद्धतीत दातेरी रुळांमधून पान चिरडले, फाडले आणि वळवले जाते. पेशी फुटल्यामुळे रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, आणि दूध-साखर-आल्याच्या माऱ्यातही तो चहा टिकून राहतो. पांढऱ्या चहात यातले काहीच होत नाही. कोवळी कळी, फार तर तिच्यासोबतची एक-दोन पाने खुडायची, दीड-दोन दिवस पातळ पसरून मलूल होऊ द्यायची आणि मग सुकवायची. वळणे नाही, चुरगळणे नाही, कढईत परतणे नाही. चीनच्या फुजियान प्रांतातले फुडिंग आणि झेंगहे हे तालुके यासाठी नावाजलेले आहेत, आणि आपल्याकडे दार्जिलिंग, आसाम, निलगिरी इथले मळेही तो थोड्या प्रमाणात करतात. नुसत्या कळ्यांच्या प्रतीला बाजारात ‘सिल्व्हर नीडल’ म्हणतात, कळी आणि पाने असलेल्या प्रतीला ‘व्हाइट पिओनी’. पेशी शाबूत असल्याने चव सावकाश उतरते, रंग फिकट पिवळा येतो, आणि जिभेवर सौम्य गोडसर, कधी वाळल्या गवताच्या तर कधी मधाच्या अंगाची चव येते. दूध घालून उकळले तर यातले काही म्हणता काही हाती लागत नाही.

आता सुगंध कसा मुरतो ते पाहू, कारण पारखीचा सगळा आधार तिथे आहे. चीनमध्ये सुगंधी चहासाठी वापरतात ते मुख्य फूल म्हणजे आपला मोगराच, शास्त्रीय नावाने जॅस्मिनम सॅम्बॅक. फुझोऊ शहराच्या परिसरातली मोगरा आणि चहा यांची जोडशेती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशांत नोंदवली. आज चीनमधला सर्वात मोठा मोगरा-पट्टा ग्वांगशी या स्वायत्त प्रदेशातल्या हेंगझोऊ भागात आहे. चहा वसंतात खुडून सुकवून ठेवतात आणि मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात येईपर्यंत थांबतात. मोगऱ्याची टपोरी कळी दुपारी खुडतात. तोवर तिला जवळजवळ वास नसतो. संध्याकाळनंतर ती उमलू लागली की वास बाहेर पडतो, आणि नेमक्या त्या वेळी कळ्या चहात मिसळून थर लावतात. सुका चहा ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. फूल जिवंत असल्याने ढीग तापू लागतो. फार तापला तर फूल शिजते आणि कुबट वास चहात उतरतो, म्हणून मध्यरात्री ढीग मोडून, पसरून, निववून पुन्हा रचावा लागतो. सकाळी फुले चाळून काढतात, ओलसर झालेला चहा मंद आचेवर सुकवतात आणि पुढच्या रात्री ताज्या फुलांनी हाच क्रम पुन्हा करतात. साध्या प्रतीला हे एक-दोनदा होते, उंची प्रतीला पाच-सहा वेळा किंवा त्याहून जास्त. शेवटी थोड्या ताज्या फुलांचा एक हलका हात देतात, त्यानंतर मात्र चहा भट्टीवर चढवत नाहीत.

या क्रमातून एक गोष्ट उघड होते. ज्या फुलाने चहाला वास दिला ते फूल सकाळी रिकामे झालेले असते. ते पाकिटात ठेवले तर शोभेला, आणि जास्त ठेवले तर चवीला बाधक, कारण वाळलेली पाकळी कप कडवट करते. चीनमधल्या अधिकृत चाचणी पद्धतीत तर सुगंधी चहा तपासण्याची पहिली पायरीच ही आहे की नमुन्यातल्या फुलांच्या पाकळ्या आणि देठ वेचून बाहेर टाकायचे. मग 3 ग्रॅम चहा 150 मिलिलिटर पाण्यात दोनदा भिजवतात, पहिल्यांदा 3 मिनिटे आणि दुसऱ्यांदा 5 मिनिटे. पहिल्या वेळी वास किती ताजा आणि निर्मळ आहे हे पाहतात, दुसऱ्या वेळी तो किती दाट आणि किती टिकाऊ आहे हे. साध्या चहासाठी जगभर चालणारे आयएसओ 3103 हे 1980 साली आलेले मानक 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम चहा घेऊन एकदाच 6 मिनिटे भिजवायला सांगते. सुगंधी चहाला मात्र ज्यांनी ही कला वाढवली त्यांनीच दुसरा कप सक्तीचा केला. पानाच्या पृष्ठभागावर बसलेला वास पहिल्या पाण्याबरोबर निघून जातो. रात्रीमागून रात्री आत मुरलेला वास दुसऱ्या पाण्यालाही पुरतो. पहिल्या कपावरून या दोन वासांतला फरक कळत नाही.

ही रीत परकी वाटायचे कारण नाही. उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची चार फुले किंवा वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना फूल आणि वास वेगळे करता येतात हे माहीत असते. त्या पाण्यात फूल कोणी खात नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल माठात राहिले तर पाणी बिघडते म्हणून ते आठवणीने काढले जाते. जुन्या काळी फुलेल तेल याच तत्त्वावर होई. सोललेल्या तिळावर ताज्या फुलांचे थर लावायचे, फुले बदलत राहायचे आणि वास मुरलेले तीळ घाण्यात घालायचे. तेलात पाकळी दिसत नसे, तरी त्याचा वास कशाचा हे विचारावे लागत नसे. तिळाच्या जागी चहाची कळी ठेवली की फुझोऊची कृती तयार होते. म्हणजे सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाकडे या चहाची निम्मी समज आधीच आहे. दूध-साखरेवाचून चहा पिण्याची सवय मात्र नसते, ती करावी लागते.

चाखायला बसण्याआधीची तयारी साधी आहे, पण ती चुकली तर पुढचे सगळे व्यर्थ. वेळ सकाळची, नाश्त्याआधी किंवा त्यानंतर तासाभराने. आपल्या भागातला कांदा-लसूण मसाला जेवणाची शान असला तरी त्याचा वास तोंडात तासन्‌तास रेंगाळतो, तंबाखू आणि मिश्रीचाही तसाच, त्यामुळे त्यांच्यानंतर लगेच घेतलेल्या चवीवर विश्वास ठेवू नये. उदबत्ती पेटलेली नको, केसांत गजरा नको, हाताला साबणाचा वास नको. भांडी काचेची किंवा पांढऱ्या चिनी मातीची घ्यावीत, म्हणजे रंग दिसतो. रोजच्या चहाचे पातेले आणि गाळणे वापरू नये, त्यांत आले-वेलदोडा कितीही घासला तरी राहतो. सर्वात जास्त लक्ष पाण्याकडे द्यावे. काळ्या कातळातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो तोच याचा पुरावा. अशा पाण्यात पांढरा चहा मळकट दिसतो, वर पातळ तवंग येतो आणि सुगंध दबतो. उपाय सोपा आहे. पाणी खळखळ उकळून झाकून निवू द्यावे, क्षार खाली बसले की वरचे संथ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि तेच पुन्हा तापवावे. आरओ यंत्राचे पाणी उलट टोकाचे, त्यातले क्षार फारच कमी झालेले असले तर चहा सपक लागतो. निम्मे आरओचे आणि निम्मे उकळून निवळलेले असे मिसळले तर बहुतेक ठिकाणी मेळ जमतो. शंका असेल तर दोन्ही पाण्यांत तोच चहा शेजारी शेजारी करून पाहावा, फरक पहिल्याच घोटाला कळतो.

आता प्रत्यक्ष कृती. चमच्याने माप घेऊ नका, कारण या कळ्या फुलवट असतात आणि एका चमच्यात कधी एक ग्रॅमसुद्धा बसत नाही. छोटा डिजिटल काटा नसेल तर 25 ग्रॅमचे पाकीट कोऱ्या कागदावर पसरून आठ सारखे वाटे करा, एक वाटा 3 ग्रॅमच्या आसपास येतो. त्यातली फुले आणि पाकळ्या वेचून वेगळ्या ठेवा. कोरडा वास घ्या, पण त्यावर मत बनवू नका. 150 मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंगचे साधारण दोन ग्लास पाणी ओता आणि बशीने झाका. पाणी किती गरम असावे याचे उत्तर हेतूप्रमाणे बदलते. माल तपासायचा असेल तर उकळते घ्या, कारण दोष उकळत्या पाण्यातच उघडे पडतात. आनंदासाठी प्यायचा असेल तर 80 ते 85 अंश बरे. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून कपात असे ओतले तरी ते पुरेसे उतरते. 3 मिनिटांनी आधी झाकणाच्या बशीचा आतला भाग नाकाशी धरा. वाफेबरोबर चढलेला वास तिथे सर्वात स्पष्ट असतो. मग सगळे पाणी दुसऱ्या कपात गाळून घ्या, पाने भिजत ठेवू नका. पहिला कप बाजूला निवत राहू द्या. त्याच पानांवर पुन्हा तेवढेच पाणी घालून 5 मिनिटे थांबा. आता तुमच्यासमोर दोन कप आहेत, एक कोमट आणि एक गरम. दोन्ही आलटून पालटून घ्या, आणि दुसरा कोमट झाल्यावर त्याचा पुन्हा एक घोट घ्या.

घोट घेताना आपली एक जुनी सवय कामी येते. बशीत ओतून फुरका मारत चहा पिणे शहरी शिष्टाचारात बसत नसले, तरी चहाच्या लिलावासाठी माल तपासणारे व्यावसायिक चाखणारेही आवाज करूनच ओढतात. फुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे बारीक तुषार तोंडभर पसरतात आणि वास घशामागून नाकात चढतो. सुगंध आपण ओळखतो तो या वाटेने. खात्री करायची असेल तर एक घोट नाक दाबून घ्या. फक्त गोड, कडू आणि तुरट एवढेच कळेल, मोगरा नाहीसा होईल. नाक सोडताच तो परत येईल. या छोट्या प्रयोगाचा उपयोग मोठा आहे, कारण नाक दाबलेल्या घोटात चहा स्वतः कसा आहे ते निखळ समजते. तिथे नुसते कोमट पाणी लागले तर फुलाचा सगळा थाट निकृष्ट पानावर उभा आहे असे समजा. तिथे सौम्य गोडी, जराशी तुरटी आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागे हलकी ओलसर गोडी राहिली तर खालचा चहा चांगला आहे.

मग दोन्ही कपांना चार प्रश्न विचारायचे. वास ताजा आहे का? संध्याकाळी उमलत्या मोगऱ्याचा वास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी कोमेजलेल्या गजऱ्याचा वास, या दोहोंतला फरक मराठी घरात कोणालाही डोळे मिटून सांगता येईल. मोगऱ्याच्या सुगंधात लिनालूल, बेंझाइल ॲसिटेट अशी हलकी गोड द्रव्ये असतात आणि इंडोल नावाचे एक जड द्रव्यही असते. फूल शिळे झाले किंवा ढिगात शिजले की हलका वास आधी उडतो आणि जडपणा मागे राहतो. कपात शिळा गजरा जाणवला तर रात्रीचा ढीग वेळेवर मोडला गेला नाही किंवा फुले उशिरा काढली, असे खुशाल समजावे. दुसरा प्रश्न, वास निर्मळ आहे का? चीनमध्ये मोगऱ्याआधी पांढऱ्या चाफ्याचा, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या भावकीतल्या फुलाचा, हलका हात देण्याची रीत आहे. तो वास दाट आणि स्वस्त पडतो. बेताने वापरला तर मोगऱ्याला आधार मिळतो, जास्त झाला तर कपात मोगऱ्याऐवजी चाफाच बोलतो, आणि तिथल्या चाखणाऱ्यांत तो दोष मानतात. तिसरा प्रश्न, दुसऱ्या कपात वास किती उरला? निम्म्याहून बराच ओसरला आणि मागे नुसता फिका चहा राहिला तर वास वरवरचा होता. चौथा आणि सर्वात महत्त्वाचा, फूल आणि चहा एकजीव झाले आहेत का? कप निवल्यावर वास एकीकडे आणि चव दुसरीकडे असे वेगळे जाणवत असतील तर सुगंध मुरलेला नाही, तो चिकटवलेला आहे.

इथे पहिला आक्षेप येतो तो शुद्धतावाद्यांचा. पांढरा चहा मुळात इतका नाजूक की त्याला फुलाची भर घालणे म्हणजे त्याचा आवाज दाबणे, असे ते म्हणतात. हा आक्षेप हजार वर्षांचा आहे. अकराव्या शतकात फुजियानचाच छाय श्यांग या अधिकाऱ्याने आपल्या ‘चा लू’ या चहावरच्या ग्रंथात दरबारी चहात कापराच्या जातीचे सुगंधी द्रव्य मिसळण्यावर टीका केली होती. चहाला स्वतःचा वास असतो, वरून मिसळलेला वास तो हिरावून घेतो, असा त्याचा मुद्दा होता. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मोगऱ्यासाठी रूढ पाया हिरव्या चहाचा राहिला. त्याचे अंग पांढऱ्यापेक्षा भरीव असते. बाजारात मोगऱ्याचा ‘सिल्व्हर’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक कळ्या प्रत्यक्षात हिरव्या चहाच्या पद्धतीने केलेल्या असतात, हेही विकत घेताना विचारून घ्यावे. पण आक्षेपाचा निष्कर्ष फार पुढे जातो. छाय श्यांगचा राग वरून मिसळण्यावर होता. थरात ठेवून, फूल काढून टाकून, सुकवून मुरवण्यात चहाला पुन्हा पुन्हा पुढे येण्याची संधी मिळते. दाबला गेला की नाही हे वादाने ठरत नाही, शेजारी त्याच जातीचा बिनसुगंधी पांढरा चहा करून ठरते. दोन कप समोर ठेवून सुगंधी कपात बिनसुगंधीची गोडी ओळखू आली तर आक्षेप त्या मालापुरता फिटला. नाही आली तर आक्षेप घेणारा बरोबर आहे, आणि तो चहा पुन्हा घेऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. फुलातले लिनालूल आणि कारखान्यातले लिनालूल रेणू म्हणून एकच, मग अर्क लावलेल्या चहाला नाके का मुरडायची? प्रश्न रास्त आहे, आणि अर्काचा चहा विषारी असतो असे उत्तर देणे खोटेपणाचे होईल. परवानगी असलेला स्वाद लावून चहा विकणे भारतात कायदेशीर आहे. मात्र तो ‘स्वादयुक्त चहा’ आहे हे पाकिटावर लिहिणे अन्न सुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. अडचण आहे ती दोन ठिकाणी. एक म्हणजे फुलाचा वास दोन-चार रेणूंचा नसतो, त्यात कितीतरी द्रव्ये कमी-जास्त प्रमाणात असतात आणि ती वेगवेगळ्या वेगाने उडतात. म्हणून मुरलेल्या चहाचा पहिला, दुसरा आणि तिसरा कप थोडाथोडा बदलत जातो. अर्काचा चहा पहिल्या कपात सगळे सांगून टाकतो. दुसरी अडचण पैशाची. रात्री जागून, ताजी फुले लावून केलेल्या कामाची किंमत घेऊन पाच मिनिटांची फवारणी विकली जात असेल तर ती फसवणूक आहे, आणि ती पकडण्याचे ग्राहकाच्या हातातले साधन म्हणजे आधी लेबल आणि मग दुसरा कप. लेबलवर स्वाद लिहिलेला असेल आणि किंमतही त्या बेताची असेल, तर तो चहा आवडीने प्यावा, त्यात कमीपणा नाही.

तिसरा आक्षेप घरातून येतो. साखर नाही, दूध नाही, असल्या पाणचट चहाला चहा कोण म्हणेल? उत्तर असे की याने उकळलेल्या चहाची जागा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. सकाळी आल्याचा कडक चहा हवा तो हवाच. हा चहा दुपार कलल्यावर, एकट्याने किंवा दोघा-तिघांत, सावकाश पिण्याचा आहे. पहिले दोन कप बिनसाखरेचे चाखून झाल्यावर कोणाला खडीसाखरेचा खडा तोंडात धरावासा वाटला तर धरावा, पण तपासणीआधी साखर घालू नये, कारण गोडी दोष झाकते. याच्या जोडीला विकले जाणारे आरोग्याचे दावे मात्र बाजूला ठेवावेत. पांढऱ्या चहात कॅफीन नसल्यात जमा असते हा समज चुकीचा आहे. कोवळ्या कळीत ते जून पानापेक्षा जास्त असते, फक्त कमी तापलेल्या पाण्यात सावकाश उतरते. रात्री झोप न येणाऱ्यांनी तो संध्याकाळनंतर टाळावा. अंगात लोह कमी असलेल्यांनी कोणताही चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण चहातली द्रव्ये अन्नातले लोह शोषले जाण्यात आडवी येतात. वजन उतरवायला म्हणून विकत घेतलेला सुगंधी चहा सहसा डब्यात पडून राहतो, चवीसाठी घेतलेला संपतो.

पारख पक्की करायचा उत्तम मार्ग म्हणजे थोडा चहा घरी स्वतः मुरवून पाहणे. कडेगावसारख्या उन्हाच्या मुलखात अंगणातला मोगरा चैत्र-वैशाखात भरभरून येतो, तेव्हा हे काम फुकटात होते. फवारणी केलेल्या झाडाची किंवा बाजारातल्या गजऱ्याची फुले चुकूनही वापरू नका. रातराणी विषारी आहे, कण्हेर आणि धोतराही, तेव्हा प्रयोग मोगऱ्यावरच थांबवा. दुपारी तीन-चारच्या सुमारास टपोऱ्या, शुभ्र, त्याच रात्री उमलतील अशा कळ्या खुडा. हिरवट कळी उमलत नाही, आणि वळवाच्या पावसात भिजलेली कळी चहाला नुसती ओल देते. कळ्या कापडावर पसरा, तोंडे उघडू लागली की हिरवे देठ काढा. 20 ग्रॅम बिनसुगंधी पांढऱ्या चहाला वजनाने निम्म्या कळ्या घेऊन काचेच्या बरणीत थर लावा, झाकण सैल ठेवा, झोपण्यापूर्वी एकदा हलवून मोकळे करा. सकाळी उठल्याबरोबर एकूण एक फूल वेचून काढा. चहा हाताला मऊ लागेल. तो तसाच बंद केला तर बुरशी धरते, म्हणून थाळीत पातळ पसरून अगदी कोमट तव्यावर कळी कट्‌कन मोडेल इतका सुकवा. थोडा नमुना बाजूला ठेवून उरलेल्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री ताज्या कळ्या लावा. शेवटी एका रात्रीचा आणि तीन रात्रींचा चहा शेजारी शेजारी करा. कोरडा वास घेताना दोघांत फार अंतर वाटणार नाही, दुसऱ्या कपात मात्र ते स्पष्ट होईल. वर मांडलेला सगळा युक्तिवाद यानंतर कोणाच्या सांगण्यावर मान्य करायची गरज उरत नाही.

विकत घेताना हे सगळे थोडक्यात वापरता येते. सुरुवातीला 25 ग्रॅमच्या पुढचे पाकीट घेऊ नका. गलाईच्या निमित्ताने कोलकात्याला किंवा तमिळनाडूत असलेल्या नातलगाकडून मागवत असाल तर सोबत त्याच मळ्याचा बिनसुगंधी पांढरा चहाही थोडा मागवा, तुलना त्याच्याशीच करायची आहे. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: पाया पांढऱ्या चहाचा की हिरव्या, सुगंध फुलांनी मुरवलेला की स्वाद लावलेला, आणि फुले किती वेळा लावली. ज्याला माहीत आहे तो सरळ सांगतो. ‘आत बघा, किती फुले आहेत’ असे उत्तर आले तर पाकीट खाली ठेवा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या, वास नसलेल्या डब्यात, मसाल्याच्या फळीपासून दूर ठेवा. ज्या गुणामुळे चहा मोगरा ओढून घेतो त्याच गुणामुळे तो हळद आणि लसूणही ओढतो. साधा पांढरा चहा वर्षानुवर्षे टिकतो, मोगऱ्याचा वास मात्र विरत जातो, त्यामुळे वर्षाच्या आत संपवा. किंमत महाग वाटली तर हिशेब कपावर करा. 3 ग्रॅमचा चांगला चहा निदान तीन वेळा पाणी घेतो, म्हणजे 25 ग्रॅमच्या पाकिटाचे चोवीसेक कप होतात. दुसऱ्याच कपाला दम सोडणाऱ्या चहाचे तेवढ्याच वजनात जेमतेम आठ. महाग कोणता आणि स्वस्त कोणता, हे त्या हिशेबावर ठरवावे.